हीटर कोणाले लागते?

"साहेब, हे तं गोरेवाड्याचं पाणी हाये."

मेकॅनिक भाऊंच्या हातात एक जाडसर ड्रॉपर होता, त्यात चार रंगीत मणी. रेडिएटरमधलं कूलंट त्यात ओढायचं आणि किती मणी तरंगतात ते बघायचं. जितके मणी वर, तितकं ते जास्त थंडी सोसणार. माझ्या गाडीच्या पाण्यात चारही मणी तळाशी जाऊन गपगार बसले. भाऊंनी ड्रॉपर उजेडात धरला, मला दाखवला आणि वरचा निकाल दिला.

निकाल बरोबर होता. अकरा वर्षांपूर्वी गाडी घरी आली तेव्हा त्यात पोपटी रंगाचं कूलंट होतं. पण दर मे महिन्यात टाकीतली पातळी खाली जायची आणि मी घरच्या नळाचं पाणी ओतायचो. असे अकरा उन्हाळे गेले. पोपटी रंग राहिला होता तो फक्त टाकीच्या प्लास्टिकला. गाडी नागपुरातच राहिली असती तर मला हे कधी कळलंही नसतं. पण गाडी निघाली होती शिमल्याला, आणि तीही जानेवारीत.

आमच्या बँकेत प्रमोशनच्या पत्राला दुसरं पान असतं. पहिलं पान पेढे वाटायचं, दुसऱ्या पानावर गावाचं नाव. माझ्या दुसऱ्या पानावर शिमला होतं आणि रुजू व्हायची तारीख २० जानेवारी. घरात पहिली प्रतिक्रिया आईची: "तिथं तं बर्फ पडते नं बाप्पा!" दुसरी बायकोची: "गाडीचं काय करायचं?" माझं काय करायचं हा प्रश्न कोणी विचारला नाही.

गाडी विकावी, असं मेहुण्याचं मत. पण अकरा वर्षं जुन्या गाडीचे जे भाव ऐकले, त्यात शिमल्यात धड स्कूटरसुद्धा आली नसती. चालवत न्यावी, असं शेजारच्या काकांचं मत. "मी येतो ना संगतीनं. ढाब्यावर खात-पीत जाऊ!" काकांचं वय ७१, आणि रात्री त्यांना समोरच्या गाडीचे लाइट फुटबॉलएवढे दिसतात. नागपूर ते चंदीगड सुमारे तेराशे किलोमीटर, रस्ता जवळजवळ सगळा ४४ नंबरचा. हायवे चांगलाच आहे, पण जानेवारीत ग्वाल्हेरच्या पुढे धुकं. आपल्याकडे धुकं म्हणजे अंबाझरी तलावावर सकाळी दिसतं ते, ज्याचे लोक फोटो काढतात. तिकडचं धुकं म्हणजे समोरचा ट्रक दिसतो तोवर आपण त्याच्या डाल्यात. बायकोनं दोन्ही मतं एका वाक्यात निकालात काढली: "गाडी ट्रकवर जाईल, तुम्ही रेल्वेनं जाल, काका घरी राहतील."

मग भाऊंकडे गेलो, आणि मणी बुडाले.

पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. फ्रीझरमध्ये काचेची बाटली विसरून ती फोडलेल्या प्रत्येक घराला हे माहीत आहे. तेच रेडिएटरमध्ये झालं तर रेडिएटर फुटतो, आणि नशीब फारच वाईट असेल तर इंजिनाचा ब्लॉक तडकतो. कूलंट आणि पाणी अर्धं-अर्धं घातलं की ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. भाऊंनी वर हेही सांगितलं की त्यानं पाणी उकळतंही उशिरा, शिवाय आतून गंज धरत नाही. म्हणजे अकरा वर्षं मी जे पैसे वाचवत होतो ते नागपुरातही चुकीचेच होते. हा हिशोब मी घरी सांगितला नाही.

सगळं पाणी काढून टाकलं. ते चहाच्या रंगाचं निघालं.

त्या दिवशी गॅरेजमध्ये लाकडी स्टुलावर बसून मला जाणवत गेलं की मला गाडीतलं जे काही कळतं ते सगळं उन्हातलं आहे. गाडी कुठं लावायची? झाडाखाली, मग पक्ष्यांनी रांगोळी घातली तरी चालेल. काच किती ठेवायची? बोटभर उघडी. स्टीअरिंगवर पंचा, सीटवर टर्किश टॉवेल, आणि एप्रिल ते जून गाडीत लायटर, सेंट, पाण्याची प्लास्टिकची बाटली काही ठेवायचं नाही. नवतपा लागला की दुपारी दार उघडून दोन मिनिटं बाहेरच उभं राहायचं आणि आतली वाफ जाऊ द्यायची. हे मला कोणी शिकवलं नाही. नागपूरच्या पोराला पोहणं येवो न येवो, तापलेल्या बकलनं मांडी न भाजता सीटबेल्ट लावणं येतं.

थंडीतलं काय कळतं? काही नाही. आमची थंडी म्हणजे दोन महिने स्वेटर, सकाळी सेमिनरी हिल्सवर कान बांधून फिरणारे लोक आणि कॉटन मार्केटमध्ये स्वस्त झालेले वाटाणे.

बॅटरीचंही तसंच निघालं. भाऊंनी लोड टेस्टर लावला, काटा पडला. मी म्हटलं, "रोज सकाळी तर एका झटक्यात सुरू होते!" ते म्हणाले, "इथं होते. बॅटरीले मारते ऊन, पण ती मेली हे सांगते थंडी." चार उन्हाळ्यांत आतून झिजलेली बॅटरी नागपूरच्या डिसेंबरात निभावून नेते. शून्याखाली तिची ताकद आणखी उतरते, ऑइल घट्ट होऊन इंजिन फिरायला जड जातं, आणि मग सकाळी नुसतं टिक-टिक. ऑइलही बदललं. आजवर मी जे घालत होतो त्याच्या डब्यावर २०डब्ल्यू-५० लिहिलेलं असे. त्या डब्ल्यूचा अर्थ मी इतकी वर्षं 'वेट' समजत होतो. तो 'विंटर'चा आहे. म्हणजे दर वर्षी नागपूरच्या उन्हात उभा राहून मी हातात हिवाळ्याचा आकडा धरत होतो. आता ५डब्ल्यू-३० घातलं, ते थंडीत पातळ राहतं.

मग भाऊंनी सहज हीटरची कळ लाल बाजूला फिरवली, इंजिन तापू दिलं आणि जाळीसमोर हात धरला. थंड वारा. बॉनेटखाली डोकं घालून ते थोडा वेळ गप्प राहिले.

"साहेब, हीटर बायपास हाये."

"कोणी केला?"

आता गप्प राहण्याची पाळी त्यांची नव्हती, पण ते राहिले. मग हळूच म्हणाले, "मीच केला असंन. पायाशी पाणी गळून राहिलं होतं, आठवते का? पावसाळ्यात. हीटरची जाळी लीक झाली होती. तुमीच म्हटलं, नागपुरात हीटर कोणाले लागते."

हे वाक्य माझं की त्यांचं यावर आमचं आजवर एकमत झालेलं नाही. पण डायरी सापडली, त्यात बिल होतं, जुलै २०१८. मोटारीचा हीटर म्हणजे वेगळी शेगडी नसते. इंजिन थंड करून तापलेलं पाणी एका छोट्या जाळीतून फिरवतात आणि तिच्यावरून पंख्याचा वारा सोडतात, झालं. एरवी रेडिएटरमधून हवेत फुकट जाणारी ऊब आत वळवायची, पेट्रोलचा खर्च शून्य. ती जाळी गळायला लागली म्हणून भाऊंनी तिच्याकडे जाणारी आणि तिच्याकडून येणारी अशा दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. काम स्वच्छ होतं. सात वर्षांत थेंब गळला नाही.

यातली गंमत अशी की त्याच वर्षी, २९ डिसेंबर २०१८ ला, नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता. इतकी थंडी या शहरानं पाहिली नव्हती. त्या सकाळी मी याच गाडीतून पोरीला क्लासला सोडायला गेलो होतो, दोघंही शाल पांघरून, पोरगी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली. हीटर लावून बघावा हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. लाल बाजू ही त्या कळीची शोभेची बाजू होती.

नवी जाळी बसवायला अख्खा डॅशबोर्ड काढावा लागला. दोन दिवसांचं काम, आणि मजुरी जाळीच्या किमतीहून जास्त. डॅशबोर्डमागून काय काय निघालं! पाच रुपयांची दोन नाणी, पोरीची हरवलेली क्लिप, रामटेकच्या पार्किंगची पावती, दसऱ्याला ठेवलेली आपट्याची पानं (त्यांचा चुरा झाला होता, फक्त देठ ओळखू येत होते), आणि ब्लोअरमधून मूठभर कडुनिंबाची वाळकी पाती. घरासमोरच्या निंबाखाली गाडी अकरा वर्षं उभी राहिली, त्याचं हे भाडं. भाऊंनी प्रेशरनं सगळं उडवलं आणि म्हणाले, "एवढा निंब आत असूनही तुमाले सर्दी कशी होते?"

डॅशबोर्ड काढायचा म्हणून त्यावरचा गणपतीही काढावा लागला. हा गणपती टेकडीच्या देवळाबाहेर घेतलेला, गाडीची पूजा केली त्याच दिवशी. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीवर तो बसतो आणि दर मे महिन्यात पट्टीचा डिंक वितळून साष्टांग नमस्कार घालतो. दर जूनमध्ये आम्ही त्याला नवी पट्टी देतो. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या यादीत 'गाडीत सुटी वस्तू ठेवू नये' असं होतं. मी गणपती घरी आणला तर आई उखडली. "त्याले काऊन काढलं? तोच तं गाडी पोचवते." शेवटी भाऊंनी नवी, जाड पट्टी लावून तो परत बसवला. तो सुटा नाही, असं आमचं सगळ्यांचं ठरलं.

सुट्या वस्तूंचं प्रकरण एवढ्यावर मिटलं नाही. गाडी रिकामीच चालली आहे तर डिकीत काही तरी जावं, हा आईचा हिशोब. तूर डाळ दहा किलो, लाखोळीची डाळ, सावजी मसाला, ज्वारीचं पीठ, लोणच्याची बरणी आणि पितळी पातेलं. मी समजावत होतो की गाडी म्हणून पाठवलेल्या मालात किराणा निघाला तर वाटेत भांडण होईल, वजन वाढेल, चोरीला गेलं तर कोणी जबाबदार नाही. ती ऐकून घ्यायची आणि संध्याकाळी डिकीजवळ एक पिशवी वाढलेली असायची. गाडी न्यायच्या आदल्या रात्री मी सगळं काढून घरात ठेवलं. डाळ शेवटी माझ्यासोबत रेल्वेनं आली, पातेलंही. लोणच्याची बरणी कुठं गेली ते पुढे येईल.

ट्रान्सपोर्टच्या लोकांबद्दल फार लिहीत नाही. फोनवर भाव विचारले तर एकाच अंतराला १४ हजारांपासून २२ हजारांपर्यंत. पहिल्या एजंटाला मी आगाऊ दोन हजार पाठवले, त्यानंतर त्याला माझा नंबर दिसला की काही ऐकू येईनासं झालं. मग शहाणा होऊन वाडीला गेलो. अमरावती रोडवरच्या वाडीत गोदामं, ट्रक आणि चहाच्या टपऱ्या यांशिवाय फारसं काही नाही, आणि गाडी पाठवायची तर माणसानं तिथं स्वतः जाऊन उभं राहावं, असं माझं आता ठाम मत आहे. तिथल्या मुन्शीनं सांगितलं की चेन्नईकडच्या कारखान्यांतून नव्या गाड्या घेऊन ट्रेलर दिल्लीला जातात ते नागपूरवरूनच. एखादी जागा रिकामी असली तर आपली जुनी गाडी त्या नव्या कोऱ्या गाड्यांत बसून जाते. वऱ्हाडातल्या लग्नात बिनबोलावता जेवायला बसल्यासारखं.

तारीख मात्र त्यानं दिली नाही. "साहब, ट्रेलर भरेगा तब निकलेगा, कोहरा होगा तो रुकेगा." मला हे उत्तर इतर सगळ्यांच्या 'पाच दिवसात गॅरंटी'पेक्षा खरं वाटलं आणि मी पैसे दिले.

कागद बँकवाल्याच्या हाती पडले की तो सगळे वाचतो. विम्याच्या पॉलिसीत गाडी कुठून कुठून नेताना झालेलं नुकसान भरून मिळतं ते लिहिलेलं असतं: रस्ता, रेल्वे, देशांतर्गत जलमार्ग, लिफ्ट, एलेव्हेटर आणि विमान. अकरा वर्षं हप्ते भरले, पण गाडी लिफ्टमध्ये असताना मी सुरक्षित आहे हे मला ठाऊक नव्हतं. शिमल्यात कार्ट रोडवरून माल रोडला जायला खरंच लिफ्ट आहे. ती माणसांसाठी आहे, आणि माल रोडवर सामान्य गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे हा लाभ काही घेता येणार नाही. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, मात्र 'ओनर्स रिस्क' (नुकसान झालं तर मालकाचं) छापलेलं होतं, म्हणून विमा कंपनीला फोन करून आमच्या पॉलिसीत ते कलम आहे ना हे आधी विचारून घेतलं. आरसी बुकाची फक्त प्रत दिली. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो आणि त्याआधी इथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र, फॉर्म २८. बँक मला शिमल्यात किती ठेवते ते बघून त्याचं बघू. तूर्तास एमएच-३१ राहू दे.

फास्टॅगचं मला पोरीनं सुचवलं. ट्रेलर टोलवरून जाताना वर बसलेल्या आपल्या गाडीचा टॅग यंत्रानं वाचला तर टोल आपल्या खात्यातून कापला जातो. म्हणजे ट्रेलरचं भाडंही आपण द्यायचं आणि टोलही. टॅग सोलून काढायच्या ऐवजी तिनं तो चॉकलेटच्या चांदीच्या कागदाच्या तीन घड्यांनी झाकला. पुढे खात्यातून एक रुपयाही गेला नाही.

हवेचा हिशोब मात्र मी स्वतः केला, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. दुपारी २८ अंशांत टायरमध्ये ३३ पॉइंट हवा भरली. शून्य अंशाला ती आकसून चारेक पॉइंट उतरणार. पण नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, शिमला साधारण २,२०० वर. तिथं बाहेरच्या हवेचा दाबच कमी, म्हणून टायर आतून जास्त फुगलेला दिसणार, जशी घाटात चिप्सची पाकिटं टम्म होतात. त्याचे तीनेक पॉइंट परत मिळणार. चार गेले, तीन आले. हा हिशोब मी भाऊंना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग किती भरू?" मी म्हटलं, "तेहेतीसच." "मंग एवढं लिहिलं कायले?"

शिमल्याच्या शाखेतल्या भावी सहकाऱ्याशी फोनवर बोलणं झालं. त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठला तर सुटत नाही; गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड. आणि वायपर काचेवरून उचलून ठेवा. मला नागपूरची सगळी गाड्यांची रांग डोळ्यांसमोर आली, मेमध्ये रबर काचेला चिकटू नये म्हणून आम्हीही वायपर असेच उभे करतो. पुढच्या काचेवर पाणी मारायच्या टाकीत मी शॅम्पू घातलेलं नळाचं पाणी भरलं होतं, तेही काढलं.

माझी गाडी पेट्रोलची, म्हणून एक काळजी वाचली. डिझेल थंडीत मेणासारखं घट्ट होतं. वाडीतल्या टपरीवर एक जुना ड्रायव्हर लडाखच्या गोष्टी सांगत होता, टाकीखाली जाळ करून डिझेल पातळ करायच्या. आता तिकडे वेगळं हिवाळी डिझेल मिळतं, उणे ३३ अंशांतही वाहणारं. इंडियन ऑइलनं ते २०१९ मध्ये आणलं, पानिपतच्या रिफायनरीतून. ड्रायव्हरला ते माहीत होतं, पण गोष्ट जाळाचीच चांगली होती.

८ जानेवारीला सकाळी गाडी धुतली. धुतलेल्याच गाडीवर ओरखडे दिसतात, म्हणून मुन्शीनंच तसं बजावलं होतं. चारही बाजूंनी, छतावरून, टायरचे, काचेचे, किलोमीटरच्या आकड्याचे असे ४२ फोटो काढले. हा आकड्याचा फोटो महत्त्वाचा. काही जण गाडी ट्रेलरवर न चढवता ड्रायव्हर बसवून चालवत नेतात, तेव्हा तो एकच साक्षीदार असतो. पेट्रोल सात-आठ लिटर ठेवलं. तपासणीच्या कागदावर दारावरचा जुना पोचा लिहून घेताना मुन्शीनं विचारलं, "ये कैसे हुआ?" तो पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगानं झाला होता. बैलाची चूक नव्हती, मी हॉर्न वाजवला होता. मुन्शीनं नुसतं 'डेंट' लिहिलं.

गाडी फळ्यांवरून चढत वरच्या मजल्यावर गेली. चाकं पट्ट्यांनी बांधली. पट्टे चाकांना बांधतात, बॉडीला नाही, म्हणजे गाडी स्प्रिंगवर हलत राहते आणि ताण येत नाही. दोन नव्या पांढऱ्या गाड्यांच्या मध्ये माझी. पत्र्याच्या फटीतून गणपतीची पाठ दिसत होती.

वाडीहून सीताबर्डीपर्यंत बसनं आलो. झिरो माइलच्या स्तंभापाशी उतरलो. कितीदा तिथून गेलो असेन, पण गाडी चालवताना त्यावरची अक्षरं कोण वाचतो? त्या दिवशी वाचली. सिवनी ७९ मैल. ट्रेलर त्याच वाटेनं जाणार होता. शिमला त्यावर नाही.

पुढचे दिवस ड्रायव्हरच्या फोनवर गेले. पहिल्या दिवशी खवासा ओलांडून सिवनी, जिथं पेंचच्या जंगलात जनावरांना खालून जाता यावं म्हणून रस्ता उचलून बांधला आहे. मग सागर. मग झाशी. मग ग्वाल्हेर, आणि ग्वाल्हेर, आणि ग्वाल्हेर. "साहब, अपना हाथ नहीं दिख रहा." मी त्याला रोज सांगायचो, घाई करू नका. संक्रांतीला त्याला तिळगूळ देता आला नाही म्हणून आईनं फोन हातातून घेऊन तोंडी दिला.

१७ तारखेला गाडी चंदीगडला उतरली. मी आदल्या रात्री पोचलो होतो. आकडा जुळला, वाढ फक्त ३ किलोमीटरची. गणपती उभा होता. डिकी उघडली तर स्टेपनीच्या खळग्यात, टॉवेलमध्ये गुंडाळून, लोणच्याची बरणी. ती तिथं कशी गेली हे मला आजही कोणी सांगत नाही. शेजारच्या काकांवर माझा संशय आहे, चावी त्यांच्याकडे अर्धा तास होती.

सकाळी सहाला सोलनच्या दिशेनं निघालो. बाहेर पाच अंश. गाडी एका झटक्यात सुरू झाली. दहा मिनिटांनी सुई वर सरकली, तेव्हा कळ लाल बाजूला फिरवली आणि हात जाळीसमोर धरला. आईचा फोन आलाच.

"गरम येते का?"

"येतं. मस्त येतं."

"मंग आता बंद कर. पेट्रोल खात असंन ते."